रक्त सगळ्यांचं, अभ्यास मोजक्यांचा

‘माणसं जनुकीयदृष्ट्या ९९.९ टक्के सारखीच, मग कुणाच्याही रक्ताचा अभ्यास केला तरी काय बिघडलं?’ आपल्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. त्यातला हजारावा भाग म्हणजे ३० लाख जागा, आणि बिघडतं ते तिथेच. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात काही जनुकीय बदल ‘रोगकारक’ ठरवले गेले होते. प्रत्यक्षात ते निरोगी कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये सर्रास आढळतात. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटात कृष्णवर्णीय जेमतेम होते, म्हणून हे कळलंच नाही आणि काही रुग्णांच्या हाती चुकीचे अहवाल पडले. २०१६ साली हे उघड झालं. आणखी मोजके कृष्णवर्णीय जरी त्या गटात असते, तरी चूक टळली असती.

‘वंचित गटांना सामावून घेणं हा त्यांच्यावर उपकार.’ हिशेब उलटाच आहे. डॅलसमधल्या पाहणीत काही कृष्णवर्णीयांचं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल जन्मतःच कमी असल्याचं दिसलं. कारण, त्यांचं पीसीएसके९ हे जनुक निकामी होतं. त्या धाग्यावरून पुढे गेलेल्या संशोधनातून २०१५ मध्ये नवी औषधं आली. ती आज कुठल्याही वंशाचा रुग्ण घेतो.

‘भारतीय म्हणून एक नमुना पुरे.’ पिढ्यानपिढ्या जातीतच सोयरिकी झालेल्या देशात हे कसं चालेल? दक्षिणेतल्या वैश्य समाजातल्या काहींना भूल देताना वापरलं जाणारं सक्सिनिलकोलीन वेळेत पचवता येत नाही आणि श्वास बराच वेळ अडून राहतो. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने ८०हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १० हजार जणांचे जीनोम वाचले, ते याचसाठी.

‘रक्त दिलं, म्हणजे सहभाग झाला.’ माझ्या मते सगळ्यात घातक समज हाच. ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. संमतिपत्रातलं वाक्य मोघम होतं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, अंतर्गत विवाह आणि जमातीच्या स्थलांतराचा अभ्यास झाला, आणि जमातीला कुणी विचारलं नाही. जमातीने खटला भरला. २०१० मध्ये युनिव्हर्सिटीने ७ लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता काढली. त्यांचा एक आग्रह असा, की निष्कर्ष छापण्याआधी आम्हाला दाखवा.