व्हिटमनने ऑरेगन वाचवले?

अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार आपल्याला भेटतो तो बहुधा काउबॉय सिनेमांतून. तिथला मिशनरी ठरलेला: हातात बायबल, पाठीशी लष्कर. खुद्द अमेरिकेत मात्र कित्येक वर्षे उलटीच कथा सांगितली गेली. डॉ. मार्कस व्हिटमन या मिशनरीने भर हिवाळ्यात घोडा दामटला, वॉशिंग्टन गाठले आणि ब्रिटिशांच्या घशात चाललेला ऑरेगन प्रांत वाचवला, अशी. मिशनरीला सरकारचा हस्तक ठरवणारे आणि त्याला देशाचा तारणहार ठरवणारे, दोघांनीही कागदपत्रे जरा सावकाश वाचायला हवी होती.

व्हिटमनला धाडणारी बोस्टनची संस्था आपल्या ओळखीची आहे. अमेरिकन बोर्ड, स्थापना १८१०. याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. १८४२ मध्ये नगरला निघालेले ‘ज्ञानोदय’ याच मिशनचे. बोर्ड परदेशी कामासाठी स्थापन झालेले, आणि मुंबईबरोबरच अमेरिकेतल्या मूलनिवासींमधले कामही त्याने परदेशी म्हणूनच हाती घेतले.

गैरसमज : मूलनिवासींनीच बायबल मागितले.

१८३१ मध्ये रॉकी पर्वतापलीकडून चार माणसे सेंट लुईसला आली आणि तिथले अधिकारी विल्यम क्लार्क यांना भेटली, इतके खरे. ती नेमकी कशासाठी आली होती, यावर इतिहासकार आजही भांडतात. कारण त्यांची भाषा धड कळणारे तिथे जवळपास कोणी नव्हते. तरी १८३३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेथडिस्ट साप्ताहिकाने ‘दूरचे लोक देवाचे पुस्तक शोधत आले’ अशा थाटात बातमी छापली. सोबत कपाळ फळीने दाबून चपटे केलेल्या माणसाचे चित्र. ज्या जमातींची ती माणसे होती, त्यांच्यात डोकी चपटी करण्याची रीतच नव्हती! पण चित्राने काम केले. चर्चमधून वर्गण्या जमल्या, स्वयंसेवक पुढे आले. १८३६ मध्ये मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन, हेन्री आणि एलायझा स्पॉल्डिंग ही जोडपी ऑरेगनकडे निघाली. नार्सिसा आणि एलायझा या खुष्कीच्या मार्गाने रॉकी ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया. बायकामुलांसह हा प्रवास जमतो, हे त्यातून दिसले, आणि माझ्या मते पुढच्या स्थलांतराला कुठल्याही प्रवचनापेक्षा याचाच हातभार अधिक लागला.

गैरसमज : व्हिटमनच्या घोडदौडीमुळे ऑरेगन अमेरिकेला मिळाले.

कथा अशी, की परराष्ट्रमंत्री वेब्स्टर कॉड माशांच्या एका मासेमारी क्षेत्राच्या बदल्यात ऑरेगन ब्रिटनला देऊन टाकणार होते. व्हिटमनने राष्ट्राध्यक्ष टायलर यांना गाठून तो सौदा मोडला. आता तारखा पाहा. ब्रिटनशी वेब्स्टरनी केलेल्या करारावर ऑगस्ट १८४२ मध्ये सह्या झाल्या होत्या आणि त्यात ऑरेगनचा प्रश्न नव्हताच. व्हिटमन निघाला ऑक्टोबरमध्ये. निघण्याचे कारण घरचेच होते. मिशनरींची आपापसातली भांडणे बोस्टनपर्यंत गेली होती आणि बोर्डाने वाईलाटपूचे त्याचे ठाणे बंद करण्याचा हुकूम काढला होता. तो फिरवून घ्यायला हा गडी बर्फातून निघाला. वाटेत तो वॉशिंग्टनलाही गेला, पण मोहीम होती ती ठाणे वाचवण्याची, आणि ती फत्ते झाली.

परतताना १८४३ मध्ये सुमारे हजार लोकांचा तांडा त्याच वाटेने चालला होता. तो व्हिटमनने जमवलेला नव्हता. मिसूरीकडचे शेतकरी १८३७ च्या मंदीने टेकीला आले होते आणि ऑरेगनमध्ये फुकट जमीन मिळणार, ही आशा होती. व्हिटमनने वाट दाखवली, आजाऱ्यांना औषध दिले आणि गाड्या पुढेपर्यंत नेता येतील असा धीर दिला. ही कामगिरी लहान नाही, पण ऑरेगनची सीमा ठरली ती १८४६ च्या करारात. घोडदौडीची दंतकथा पसरवली स्पॉल्डिंगने, १८६० च्या दशकात, म्हणजे व्हिटमन जाऊन पंधरा-वीस वर्षे झाल्यावर. येलचे इतिहासकार एडवर्ड बोर्न यांनी १९०० मध्ये ती तारखांनिशी मोडीत काढली.

गैरसमज : व्हिटमनला धर्मद्वेषातून मारले.

२९ नोव्हेंबर १८४७ ला, वाईलाटपू ज्यांच्या मुलखात होते त्या कायूस जमातीच्या लोकांनी मिशनवर हल्ला केला. व्हिटमन पतिपत्नींसह तेरा जण त्यात मारले गेले. त्या शरद ऋतूत गोवर आला होता. गोरी मुले बहुतेक बरी होत होती, कायूस मुले मरत होती; औषध देणारा डॉक्टर एकच. कायूसांना या रोगाची आधी ओळख नव्हती, शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती, हे आज कळते. तेव्हा जवळजवळ निम्मी जमात गेली. शिवाय मिशनवर लांडग्यांसाठी मांसात विष घालत, आणि चोरी थांबावी म्हणून कलिंगडांत वांतीचे औषध भरल्याचाही प्रकार झाला होता. खाणारे आजारी पडले, आणि विषाचा संशय मनात राहिला. रोगी दगावले तर वैद्याचा जीव घ्यायचा, ही कायूसांची जुनी चाल होती. त्यात दरवर्षी नव्या गाड्यांचे तांडे येत होते. अकरा वर्षांत व्हिटमनच्या हातून कायूस लोक जवळपास कोणी ख्रिस्ती झाले नव्हते. धर्म हा भांडणाचा मुख्य मुद्दा म्हणावा, एवढा तो तिथे रुजलाच नव्हता.

गैरसमज : मिशनरी आणि सरकार एकच.

याच बोर्डाचा सॅम्युएल वूस्टर चेरोकी लोकांत राहत होता. जॉर्जिया राज्याची परवानगी न घेता तिथे राहिला म्हणून १८३१ मध्ये त्याला चार वर्षे सक्तमजुरी झाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८३२ मध्ये न्यायालयाने सांगितले की चेरोकी मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. वूस्टर तरी १८३३ पर्यंत तुरुंगातच होता. आपल्या मुंबईतही हॉल आणि नॉट उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते.

पण याचा अर्थ मिशनरी धुतल्या तांदळासारखे होते, असाही नाही. वूस्टरने माफी स्वीकारून सुटावे, असा सल्ला शेवटी बोर्डानेच दिला. चेरोकींना १८३८-३९ मध्ये हाकलले गेलेच, आणि वाटेत हजारो मेले. व्हिटमनने तर १८४४ मध्ये सासरी लिहिलेल्या पत्रात आपले मोठे काम गोऱ्यांच्या वसाहतीला मदत करणे हेच असेल, असे कबूल केले. सरकारने त्याला धाडले नव्हते. गोऱ्यांची बाजू त्याने स्वतःहून घेतली.

हल्ल्याबद्दल १८५० मध्ये ऑरेगन सिटीत पाच कायूसांना फाशी झाली. १८५५ च्या तहात कायूस आणि शेजारच्या जमातींनी सुमारे ६४ लाख एकर जमीन सोडली. व्हिटमनचा पुतळा १९५३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या वतीने अमेरिकेच्या संसद भवनात बसवला गेला. २०२१ मध्ये त्याच राज्याने कायदा करून त्याच्या जागी बिली फ्रँक यांचा पुतळा बसवायचे ठरवले. निस्क्वाली जमातीचे फ्रँक यांना मासेमारीच्या हक्कासाठी पन्नासहून अधिक वेळा अटक झाली होती.