खाडीकाठचे ‘हॉट अँड कोल्ड’

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत वर्षाचा बराच काळ घामाचा असतो आणि उरलेल्यापैकी चार महिने पावसाचे. पांघरूण ओढावे असे वाटायला लावणाऱ्या पहाटा डिसेंबर-जानेवारीत काही दिवसच मिळतात. तरीही येथील दुकानांत साध्या वातानुकूलन यंत्रांच्या शेजारी ‘हॉट अँड कोल्ड’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र ठेवलेले असते. उन्हाळ्यात खोली गार करणारे आणि थंडीत तीच खोली उबदार करणारे हे यंत्र मुळात दिल्ली, पंजाब, हिमाचल यांसारख्या कडक थंडीच्या प्रदेशांसाठी अधिक उपयोगाचे आहे, आणि खाडीकाठच्या दमट हवेत त्याच्यावर पडणारे काम त्याच्या जाहिरातीत सांगितलेल्या कामापेक्षा पुष्कळच वेगळे असते.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करत नाही. ते एका जागेची उष्णता उचलून दुसऱ्या जागी टाकते. खोलीतील युनिटच्या नळ्यांत, ज्यांना कारागीर ‘कॉइल’ म्हणतात, शीतकद्रव्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर खोलीतील उष्णता निघून जाते; बाहेरच्या युनिटमधील कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये तिचे पुन्हा द्रव होताना तीच उष्णता हवेत सोडली जाते. हा प्रवाह उलटा फिरवला, तर बाहेरच्या हवेतील उष्णता आत येते. इमारती गार किंवा उबदार करण्यासाठी असे यंत्र वापरता येईल ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने, १८५२ मध्येच मांडली होती. आजच्या स्प्लिट यंत्रात हा उलटफेर ‘फोर-वे व्हॉल्व्ह’ नावाचा, चार नळ्या जोडलेला पितळी-तांब्याचा छोटा भाग करतो. त्याच्यावरील विद्युत-चुंबकीय कॉइलला वीज मिळाली की आतील सरकपट्टी दाबाच्या फरकाने एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. साधा हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो, तर उष्णता वाहून आणणारे हे यंत्र अनुकूल हवेत तिप्पट किंवा त्याहून अधिक देते. येथे एक गंमत आहे. बाहेरचे तापमान शून्याकडे झुकले की बाहेरच्या कॉइलवर हिम साचते आणि ते वितळवण्यासाठी यंत्राला अधूनमधून तापवण्याचे काम थांबवावे लागते. कल्याणच्या थंडीत ती वेळ येतच नाही, त्यामुळे या यंत्राची उबेची बाजू जेथे सर्वांत सुखाने चालू शकते, तेथेच तिची गरज सर्वांत कमी आहे.

येथे खरी गरज असते ती हवा कोरडी करण्याची. विलिस कॅरिअर याने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी जे यंत्र आखले, तेही माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हते. दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई बिघडत होती, म्हणून हवेतील ओल काबूत आणायची होती. ठाण्याच्या पावसाळ्यात दीड टनाचे यंत्र तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी हवेतून काढू शकते. (येथे ‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे; एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यासाठी जेवढी उष्णता लागते, ती शोषण्याचा वेग म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट.) हे पाणी कोठे आणि कसे जाते, यावर यंत्राच्या निम्म्या तक्रारी अवलंबून असतात.

शीतकरणाचा उद्योग ठाण्याला परका नाही. १९४३ मध्ये स्थापन झालेली ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये टाटा सन्स व व्होल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली व्होल्टास, या दोन्ही कंपन्यांचे कारखाने पोखरण रस्ता क्रमांक २ च्या परिसरात होते. आज ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यांतील जमिनींवर मोठ्या प्रमाणात गृहसंकुले उभी आहेत, आणि शीतकरणाचा जो व्यवसाय शहरात सर्वत्र दिसतो तो उत्पादनाचा नसून बसवणी आणि दुरुस्तीचा आहे. आयटीआयमध्ये या विषयाचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत दुचाकीला शिडी बांधून फिरणाऱ्या कारागिरांतील अनेकजण एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेले असतात. दोघांच्या कामातील फरक ग्राहकाला त्या दिवशी कळत नाही. दोन-तीन वर्षांनी कळतो.

बसवणीची सुरुवात जागेपासून होते. घोडबंदर रस्त्यावरील नव्या मनोऱ्यांत बाहेरच्या युनिटसाठी स्वतंत्र कट्टा ठेवलेला असतो, पण डोंबिवलीतील चार मजली जुन्या इमारतींत अशी सोय नसल्याने लोखंडी स्टँड भिंतीत अँकर बोल्टने ठोकावा लागतो, आणि गिलावा सैल किंवा सळया गंजलेल्या असतील तर ती भिंत युनिटचा भार व कॉम्प्रेसरचा थरथराट किती वर्षे सोसेल हे आधी पाहावे लागते. कारागीर कमरेला पट्टा न बांधता छज्ज्यावर उतरतो हे दृश्य या शहरांत इतके सवयीचे झाले आहे की त्यातील धोका कोणाला दिसेनासा झाला आहे. घरमालकाने पट्ट्याचा आग्रह धरणे हा बसवणीचाच भाग मानला पाहिजे. वीजजोडणीबाबतही जुन्या घरांत काळजी लागते. दीड टनाच्या यंत्रासाठी एमसीबीपासून थेट स्वतंत्र वायर, साधारणपणे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, आणि विश्वासार्ह अर्थिंग असावे. गिझरच्या प्लगवरून जोडणी ओढण्याची काटकसर पुढे जळक्या सॉकेटच्या रूपाने महागात पडते.

दोन्ही युनिटांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या हा बसवणीचा गाभा आहे. नळीचे टोक सनईच्या तोंडासारखे पसरट केले जाते, याला ‘फ्लेअर’ म्हणतात. ते वाकडे आले किंवा त्याच्या कडेवर कापताना उरलेला तांब्याचा कण राहिला, तर नट कितीही आवळला तरी वायू हळूहळू निसटत राहतो. साध्या यंत्रात चालवून घेतलेली एक हयगय ‘हॉट अँड कोल्ड’मध्ये मुळीच चालत नाही: उबेच्या वेळी जाड नळीतून कॉम्प्रेसरने दाबलेली गरम वाफ आत येते आणि ती नळी हात लावता येणार नाही इतकी तापते, म्हणून दोन्ही नळ्यांवर स्वतंत्र आणि अखंड रबरी आवरण हवे. दोघींना एकाच आवरणात गुंडाळले तर एकीची उष्णता दुसरीला मिळते आणि विजेचे पैसे वाटेतच वाया जातात. तसेच उबेच्या वेळी पाणी आत नव्हे तर बाहेरच्या युनिटमधून गळते. त्याला निचऱ्याची नळी न जोडल्यास ते खालच्या मजल्यावरील खिडकीवर टपकत राहते, आणि सोसायटीच्या बैठकीला एक विषय मिळतो.

नळ्या जोडल्यावर त्यांतील हवा आणि ओल काढावी लागते. पूर्वी काही कारागीर थोडा वायू सोडून हवा बाहेर ढकलत आणि काम झाले असे समजत. आजच्या यंत्रांतील तेल हवेतील ओल झटकन शोषून घेते व त्यातून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरची आतली गुंडाळी खराब होते, म्हणून व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतील दाब ५०० मायक्रॉनच्या, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरच्या, खाली आणणे आवश्यक आहे. पंप बंद केल्यावर तो दाब वर चढतो की स्थिर राहतो हे पाहण्यासाठी थांबण्याची तयारी, हीच चांगल्या कारागिराची खूण. वायू सोडून हवा न ढकलण्याला आणखी एक कारण आहे: सध्या सर्वाधिक वापरात असलेला आर-३२ हा वायू सौम्य ज्वालाग्राही आहे, आणि काही यंत्रांत असलेला आर-२९०, म्हणजे प्रोपेन, अधिक ज्वालाग्राही. त्यामुळे वायू मोकळा सोडण्याची जुनी सवय आता केवळ उधळपट्टी राहिलेली नाही, ती घातक आहे.

देखभालीचे वेळापत्रक पावसाळ्यावरून ठरते. जाळीदार फिल्टर घरच्या घरी दर पंधरवड्याला पाण्याखाली धुवावा. मार्चमध्ये, उन्हाळा तापण्यापूर्वी, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये जेट पंपाने दोन्ही कॉइल धुण्याचे काम, ज्याला ‘वेट सर्व्हिस’ म्हणतात, करून घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये आतील ताटलीत आणि निचऱ्याच्या नळीत बुळबुळीत थर साचून पाणी भिंतीवरून ओघळते, तेव्हा घरातील लोक यंत्र बिघडले असे समजतात. प्रत्यक्षात बहुधा नळीचा उतार चुकलेला असतो किंवा ती तुंबलेली असते. उघड्या नाल्यांच्या काठच्या घरांत मात्र दुखणे खरेच यंत्राचे असते. नाल्यातून उठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूने तांबे काळे पडते, कॉइलमध्ये सूक्ष्म छिद्रे पडतात, आणि दर वर्षी ‘गॅस भरून’ दिल्याने ती बुजत नाहीत. वायू आपोआप संपत नसतो. तो कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता वायू भरून घेणारा ग्राहक पैसे हवेत सोडत असतो. बाहेरच्या युनिटमध्ये पालीही शिरतात. सर्किट बोर्डावर दोन टोकांमध्ये अडकलेली एक पाल भर उन्हाळ्यात यंत्र बंद पाडण्यास पुरेशी होते. कबुतरांचा उपद्रव त्याहून संथ असतो: युनिटच्या मागे काड्यांचे घरटे आणि विष्ठेचा थर जमून पंख्याला हवा मिळेनाशी होते, आणि विष्ठेने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या झडू लागतात.

फोर-वे व्हॉल्व्हचा बिघाड हा या यंत्राचा खास, आणि सर्वांत फसवा, आजार आहे. वर्षानुवर्षे एकाच बाजूला बसून राहिलेली सरकपट्टी मध्येच अडकली तर दाबलेली गरम वाफ थेट परतीच्या नळीत मिसळते. यंत्र ना नीट गार करते ना गरम, आणि लक्षणे वायू कमी असल्याची किंवा कॉम्प्रेसर गेल्याची वाटतात. जाणकार कारागीर कॉम्प्रेसर बदलण्याचे सुचवण्याआधी व्हॉल्व्हच्या नळ्यांची तापमाने एकेक करून तपासतो. पट्टी हलती राहावी म्हणून वर्षातून एक-दोनदा यंत्र उबेवर चालवणे इष्ट असते. पण बहुतेक यंत्रांना बाहेरचे तापमान साधारण २४ अंशांच्या वर असताना हे काम करायला लावू नये, त्यामुळे त्यासाठी जानेवारीतील पहाटच गाठावी लागते.

भाड्याची घरे बदलणाऱ्या कुटुंबांबरोबर यंत्रही हलते. त्या वेळी नळ्यांतील वायू बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून कोंडला जातो, याला ‘पंप डाऊन’ म्हणतात. ‘हॉट अँड कोल्ड’मध्ये हे काम यंत्र गारव्यावर ठेवूनच करता येते, कारण उबेवर प्रवाह उलटा असल्याने वायू आतल्या नळ्यांकडेच ढकलला जातो. आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला जातो, दाब उतरला की जाड नळीचा, आणि लगेच वीज तोडली जाते; त्यात उशीर झाला तर कॉम्प्रेसर रिकामाच फिरत राहतो. नव्या घरी जुन्या फ्लेअरची टोके कापून नवी करावी लागतात, आणि व्हॅक्यूमचे काम पुन्हा पहिल्यापासून होते.