कोरीव डब्यांतील द्रव्यविचार

देवघरातील संपुष्ट, कुंकवाचा करंडा, माजघरातील फणेरपेटी, बैठकीतील पानपुडा आणि वैद्यांची कप्प्याकप्प्यांची औषधपेटी या वस्तू जुन्या मराठी घरांत नित्य वापरात असत. आज त्यांपैकी कित्येक माळ्यावर पडून आहेत, तर कित्येक जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेल्या आहेत. त्यांवरील वेलबुट्टीचे कौतुक सर्वच करतात. परंतु कोणते द्रव्य कशात ठेवावे याविषयीचा जो विचार त्यांच्या घडणीत सामावला आहे, तो ओळखण्याचा खरा अधिकार वैद्यांचा व औषधनिर्मात्यांचा आहे.

आपल्या शास्त्राने पात्राचा विचार बारकाईने केला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तूप लोहपात्रात व पेया रौप्यपात्रात द्यावी असे सांगितले आहे. उत्तरतंत्रात अंजने ठेवण्यासाठी सुवर्ण, रौप्य, शृंग, ताम्र, वैदूर्य, कांस्य व लोह यांची भाजने सांगितली असून, भाजन अंजनाशी तुल्यगुणाचे असावे हे त्यामागील सूत्र आहे.

हीच दृष्टी गृहस्थाच्या डब्यांतही दिसते. फणेरपेटीच्या झाकणाला आतून आरसा आणि खाली फणी, कुंकू, मेण, काजळ यांचे स्वतंत्र कप्पे असत. आधी मेणाचे बोट कपाळी लावून त्यावर कुंकू रेखीत, म्हणून मेणाची डबी कुंकवाशेजारी असे. हळदीवर लिंबाचा रस व टाकणखार यांचा संस्कार करून केलेले कुंकू दमट हवेत गोळा होते. त्यासाठी करंड्याचे झाकण घट्ट बसणारे हवे. पानपुड्यात मात्र चुन्याची डबी वेगळी ठेवीत, कारण तीक्ष्ण चुन्याचा स्पर्श पानाला व लवंग-वेलदोड्याला होऊ देणे इष्ट नव्हते.

अशा वस्तू पाहावयाच्या असल्यास पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयास अवश्य भेट द्यावी. डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरगुती वापराच्या वस्तू हाच या संग्रहाचा गाभा आहे.

आपल्या घरी अशी पेटी असल्यास प्रथम एक पथ्य पाळावे. ती चिंचेने वा आम्लाने घासू नये व तिला पॉलिश करू नये. कप्प्यांच्या तळाशी राहिलेला कण, चिकटलेली चिठ्ठी, कोरलेले अक्षर हाच तिचा इतिहास असतो. एका घासण्यात तो नाहीसा होतो. आहे त्या स्थितीत छायाचित्रे घ्यावीत, मापे नोंदवावीत, कप्प्यांचा क्रम आणि पेटी कोणाच्या वापरात होती हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे.

दुसरे पथ्य सुरक्षिततेचे आहे. मारुती-गणपतीस लावण्याचा शेंदूर परंपरेने शिशापासून केलेला असे. वैद्यांच्या पेट्यांत हरताळ, रसकापूर, बचनाग यांचे अवशेष असू शकतात. म्हणून जुन्या डबीतील चूर्ण चाखून ओळखण्याचा मोह टाळावा, ती मुलांच्या हाती देऊ नये आणि शोभेची म्हणून तीत नवे औषध वा खाद्यपदार्थ भरू नये. अवशेष हाताळताना हातमोजे घालावेत व ते कागदी पुडीत बांधून, वर नोंद करून वेगळे ठेवावेत.

विक्रीचा विचार असल्यास कायदा ध्यानी घ्यावा. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते; खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. हस्तिदंताचे जडावकाम असल्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा व्यापार निषिद्ध आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठीही यात बोध आहे. उडनशील तेले काही प्रकारच्या प्लास्टिकमध्ये शिरतात, आणि आसवारिष्टे आम्ल असल्याने पितळी भांड्यात राहू नयेत. वेष्टन निवडताना किंमत व देखणेपणा यांच्याआधी द्रव्याचा गुण पाहावा, हे जुन्या कारागिरास उमगले होते. तेव्हा माळ्यावरची पेटी विकण्यापूर्वी एकदा खाली काढावी, वैद्याच्या दृष्टीने न्याहाळावी आणि तिची नोंद करावी. पेटी गेली तरी नोंद राहील. पण नोंदीविना गेलेली पेटी आपल्या व्यवसायाच्या स्मृतीतून कायमची जाईल.