बालकांची मैदानभेट

मोलगीसारख्या सातपुड्यातील गावी शहरी उद्यान शोधीत बसण्याचे कारण नाही. शाळेचे पटांगण व कडेचे मोहाचे झाड पुरेसे आहे. वर्गात महिनोन् महिने मुके राहिलेले मूल तेथे भिलीत वा पावरीत भराभर बोलू लागते. शिक्षकबंधुभगिनींनी त्यास तत्काळ मराठीकडे ओढू नये. आधी त्याचा शब्द आपण शिकावा, मग आपला द्यावा. १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढणाऱ्या ताराबाई मोडकांनी पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह कुरणशाळा चालविली, ती गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेण्यासाठी. भेट ऊन चढण्यापूर्वी घ्यावी. चिंचोके मोजावेत, पाने लहानमोठी लावावीत. रांगांचा सोस मात्र नको. पिण्याचे पाणी सोबत असावे, आणि परतताना मुले मोजून घ्यावीत.