बैलाचा पुन्हा वळू

अमेरिकेत आयोवा राज्याच्या जत्रेत २०१० साली सर्वोत्कृष्ट बैलाचा मान ‘डॉक’ने पटकावला. त्याच्या दोन वर्षं आधी हाच मान ‘वेड’ नावाच्या बैलाकडे गेला होता. डॉक त्याचा भाऊ नव्हता की मुलगा. तो वेडचा क्लोन होता. आणि डॉक ज्या घरचा, तिथले कर्ते गुरांचे क्लोन करून देणाऱ्या ‘ट्रान्स ओव्हा’ कंपनीचे प्रमुख!

यात हौसेइतकाच हिशेबही आहे. प्रदर्शनातले हे बैल लहानपणीच खच्ची केलेले असतात. भरदार पुठ्ठे, सरळ पाठ, दमदार चाल पाहून परीक्षक निवड करतात आणि पुढे बैल कत्तलखान्यात जातो. वाण सिद्ध होईतो वंश खुंटलेला असतो. क्लोनसाठी कानाचा इवलासा तुकडा पुरतो. त्यातल्या पेशीचं केंद्रक दुसऱ्या गाईच्या रिकाम्या केलेल्या अंड्यात बसवतात आणि तो भ्रूण तिसरीच गाय पोटात वाढवते. जन्मलेला गोऱ्हा खच्ची केला नाही की बैलाचा वळू झाला, त्याचं वीर्य विकायला मोकळं. वेस्ट टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने तर कत्तलखान्यातल्या धडाच्या पेशी घेऊन ‘अल्फा’ हा वळू जन्माला घातला.

हाल होतात ते गर्भ वाहणाऱ्या गाईंचे. बहुतेक भ्रूण टिकतच नाहीत. काही वासरं पोटात अवाजवी वाढतात, शस्त्रक्रिया करून बाहेर काढावी लागतात. काही थोड्याच दिवसांत दगावतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये क्लोन गाईगुरांचं दूध-मांस सुरक्षित ठरवलं, त्याने खाणाऱ्याची काळजी मिटली. युरोपीय संसदेने २०१५ मध्ये बंदीचा कौल दिला, त्यात जनावरांचे हाल हा मोठा मुद्दा होता.

दुर्मीळ गुणांचं बी राखायला एखादा क्लोन करणं समजू शकतं. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २०२३ मध्ये जन्मलेली ‘गंगा’ ही गीर कालवड त्याच वाटेवरची. पण जिंकलेलीच देहयष्टी पुन्हा मैदानात उतरवणं खटकतं. गाय-वळूची जोडी जुळवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यायची, तर इथे जुळवणी झालीच कुठे? अर्थात खुराक, खरारा आणि दोरीला चालायचं वळण डॉकलाही नव्यानेच द्यावं लागलं असणार.

स्वभावाची तर हमी नाहीच. टेक्सासमधला ‘चान्स’ हा ब्रह्मन जातीचा बैल इतका गरीब, की लोक त्याला खेटून फोटो काढत. १९९९ मध्ये त्याचा क्लोन ‘सेकंड चान्स’ जन्मला. दिसायला हुबेहूब. मालकाला मात्र त्याने दोनदा जखमी केलं.