थीम पार्कमधील ‘सिंगल रायडर’ रांग : रिकाम्या आसनांतून वाचणारा वेळ

मुंबई : सुटीच्या दिवसांत सिंगापूर, टोकियो, पॅरिस किंवा अमेरिकेतील थीम पार्कला भेट देणाऱ्या भारतीय कुटुंबांचा हिशेब बहुधा सारखाच असतो. विमानाचे तिकीट, हॉटेल आणि प्रवेशिका यांवर अनेक महिन्यांची बचत खर्च होते. पार्कमध्ये पोहोचल्यावर मात्र दिवसाचा मोठा भाग पुढे उभ्या असलेल्या माणसाची पाठ पाहण्यात जातो. गर्दीच्या दिवशी एखाद्या लोकप्रिय राइडसाठी दीड तास थांबावे लागले, तर दहा तासांच्या दिवसात जेमतेम सहा राइड पदरी पडतात, आणि त्यात जेवणाचा वेळ धरलेला नाही. प्रत्यक्ष राइड काही मिनिटांतच आटोपते.

या प्रतीक्षेवर एक उपाय अनेक मोठ्या पार्कमध्ये उपलब्ध असून त्यासाठी जादा पैसेही मोजावे लागत नाहीत. राइडच्या प्रवेशद्वारापाशी मुख्य रांगेच्या शेजारी ‘सिंगल रायडर’ अशी पाटी असलेली एक स्वतंत्र वाट असते. आपल्या सोबत्यांपासून वेगळे बसण्याची तयारी असलेल्या कोणालाही या वाटेने जाता येते. प्रवासाला एकटेच आलेले असण्याची अट नसते. चौघांचे कुटुंबही या रांगेत उभे राहू शकते. फक्त चौघांना शेजारी-शेजारी जागा मिळण्याची अपेक्षा सोडावी लागते.

या व्यवस्थेमागील तत्त्व महाराष्ट्रातील वाचकाला नवे नाही. ग्रामीण भागात वडापची जीप सुटण्यापूर्वी चालक ‘एक सीट, एक सीट’ अशी हाक देतो. तिघांचा गट त्या जागेत मावत नाही, एकटा प्रवासी मात्र धावत जाऊन बसतो आणि आधीपासून ताटकळणाऱ्या तिघांच्या पुढे निघून जातो. तिघांपैकी कोणाचीही तक्रार नसते, कारण ती जागा त्यांच्या उपयोगाचीच नव्हती. थीम पार्कने हीच हाक एका स्वतंत्र रांगेत रूपांतरित केली आहे. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध असलेल्या पर्वतीय केंद्रांवरही खुर्च्यांच्या पाळण्यांमधील मोकळ्या जागा भरण्यासाठी एकट्यांची वेगळी रांग ठेवण्याची पद्धत आहे.

आसने रिकामी का राहतात, याचे उत्तर गटांच्या आणि आसनांच्या संख्येत दडलेले आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या पार्कमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या ‘रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स’ या राइडचे उदाहरण घेऊ. तिच्या प्रत्येक मोटारीत तीन-तीन आसनांच्या दोन ओळी असतात. एक जोडपे एका ओळीत बसले की तिसरे आसन मोकळे. पाच जणांचे कुटुंब आले की सहावे आसन मोकळे. रांगेत सगळी जोडपीच असती आणि कोणीही अनोळखी व्यक्तीशेजारी बसायला तयार नसते, तर या राइडची एक तृतीयांश आसने रिकामीच धावली असती. याउलट फ्लोरिडातील ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ या रोलर कोस्टरमध्ये प्रत्येक ओळीत दोन आसने आहेत. तेथे जोडप्यांमुळे काहीच जागा उरत नाही. तिघांचा किंवा पाच जणांचा गट आला तरच एक आसन मोकळे राहते. म्हणून तीन आसनांच्या ओळी असलेल्या राइडवर एकट्यांची रांग सहसा वेगाने सरकते आणि दोन आसनांच्या ओळींवर ती त्या दिवशीच्या गर्दीत विषम संख्येचे गट किती आहेत यावर अवलंबून राहते. युनिव्हर्सलच्या पार्कमधील हॅरी पॉटरच्या ‘फॉरबिडन जर्नी’ राइडमध्ये एका बाकावर चौघे बसतात. चौघांची कुटुंबे एकामागून एक आली, तर शेजारच्या रांगेतील एकटा प्रवासी जागच्या जागी खिळून राहतो.

फलाटावरील कर्मचाऱ्याच्या दृष्टीने या रांगेचा आणखी एक लाभ आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. रोलर कोस्टरच्या एकाच मार्गावर अनेकदा दोन-तीन गाड्या एकाच वेळी धावतात. फलाटावरील गाडी वेळेत सुटली नाही, तर मागून येणारी गाडी सुरक्षेसाठी फलाटाबाहेर थांबवावी लागते. एक आसन भरण्यासाठी कर्मचारी मुख्य रांगेत मागे-मागे जात ‘कोणी एकटे आहे का?’ असे विचारू लागला, तर त्या शोधात जाणारे अर्धे मिनिट पुढच्या प्रत्येक गाडीला भोवते. एकटे प्रवासी हाताशी तयार उभे असले की आसनही भरते आणि गाडीही वेळेवर सुटते.

येथेच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एकट्यांच्या रांगेतून येणारे लोक ‘घुसखोरी’ करतात आणि त्यामुळे मुख्य रांगेतील लोकांचा वेळ वाढतो, अशी कुजबुज अनेकदा ऐकू येते. रांग योग्य रीतीने चालवली जात असेल, तर ही समजूत निराधार आहे. ही मंडळी इतर कोणी न वापरलेले आसन घेतात. उलट तेच लोक मुख्य रांगेत उभे राहिले असते, तर ती तेवढी लांबली असती.

मग ही रांग नेहमीच वेगवान असते का? नाही, आणि प्रवाशांची निराशा होते ती बहुतेक याच मुद्द्यावर. रांगेतील प्रतीक्षेचे गणित अगदी साधे आहे : पुढे असलेल्या लोकांची संख्या भागिले दर तासाला आत घेतल्या जाणाऱ्या लोकांची संख्या. अमेरिकेतील अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली या संबंधाची गणिती सिद्धता दिली आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. समजा, एखादी राइड तासाला १,२०० आसने देते आणि गटांच्या जुळवाजुळवीत त्यांपैकी ८ टक्के आसने मोकळी राहतात. म्हणजे एकट्यांसाठी तासाला ९६ जागा. रांगेत २४ जण असतील, तर पाव तासात काम होईल. ९६ जण असतील तर एक तास लागेल आणि २०० जण उभे असतील तर दोन तासांहून अधिक. त्याच वेळी मुख्य रांगेत १,००० लोक असले, तरी ती तासाभरात संपू शकते, कारण तिला उरलेल्या सगळ्या जागा मिळतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले असले, तरी त्यांतून निघणारा अर्थ प्रत्यक्षातही लागू पडतो. रांगेची लांबी पाहून प्रतीक्षा ठरवता येत नाही, ती किती वेगाने सरकते हे पाहावे लागते.

त्यातही अडचण अशी की प्रवेशद्वारावरील फलक अनेक ठिकाणी केवळ मुख्य रांगेचा अंदाजित वेळ दाखवतो. अशा वेळी पाच मिनिटे बाजूला उभे राहून एकट्यांच्या रांगेतून किती जण आत घेतले जातात हे मोजणे, ही सर्वांत खात्रीची पद्धत होय. पाच मिनिटांत आठ जण गेले आणि पुढे चाळीस जण असतील, तर २५ मिनिटे धरावीत. ही रांग तिच्या क्षमतेबाहेर भरली की कर्मचारी तिचे प्रवेशद्वार काही काळ बंद करतात. कधी ती दिवसभर उघडतही नाही. त्यामुळे ‘अमुक राइडला अशी सोय आहे’ या माहितीवर दिवसाचा आराखडा न बांधता पार्कच्या अधिकृत ॲपवर किंवा प्रवेशद्वारावर त्या-त्या वेळी चौकशी केलेली बरी.

वेळेच्या बदल्यात काही गोष्टींवर पाणी सोडावे लागते. पुढची ओळ किंवा विशिष्ट आसन मागता येत नाही. मिळेल तेथे बसावे लागते. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातील ‘मिलेनियम फाल्कन : स्मगलर्स रन’ या २०१९ साली सुरू झालेल्या राइडमध्ये हा फरक ठळकपणे जाणवतो. तिच्या कक्षात सहा जण बसतात : दोन वैमानिक, दोन तोफचालक आणि दोन अभियंते. यान प्रत्यक्ष वळवण्याची गंमत वैमानिकांच्या वाट्याला येते, तर एकट्याने आलेल्या प्रवाशाला बहुधा मागच्या बाजूचे अभियंत्याचे काम मिळते. ‘स्टार वॉर्स’चा निस्सीम चाहता आयुष्यात एकदाच तेथे जाणार असेल, तर त्याने मुख्य रांगेतच थांबावे, हे उत्तम.

दुसरी किंमत रांगेतील देखाव्यांची. आधुनिक थीम पार्कमध्ये रांग हा कथेचा भाग असतो. हॅरी पॉटरच्या राइडची मुख्य रांग हॉगवॉर्ट्सच्या किल्ल्यातील दालनांतून जाते आणि ती दालने पाहण्यासाठीच अनेक जण दूरवरून येतात. एक्स्पिडिशन एव्हरेस्टच्या मुख्य रांगेत हिमालयातील गावाचा आणि यतीविषयक वस्तुसंग्रहालयाचा देखावा उभारलेला आहे. एकट्यांची वाट यांपैकी बराचसा भाग टाळून थेट फलाटाकडे नेते. पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. वेळ कमी असलेला भाविक दुसरी निवडतो आणि काय सोडले हे त्याला ठाऊक असते. श्रद्धा आणि करमणूक यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही, पण निवडीचे स्वरूप मिळतेजुळते आहे. पहिल्या वेळी मुख्य रांग आणि त्याच राइडचा पुन्हा आनंद घ्यायचा असेल तर एकट्यांची रांग, हा क्रम बहुतेकांना मानवतो.

प्रतीक्षेच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली मांडलेली एक निरीक्षणमालिका आजही आधारभूत मानली जाते. किती वेळ लागेल हे माहीत नसलेली प्रतीक्षा अधिक लांब वाटते. अन्याय्य वाटणारी प्रतीक्षाही लांब वाटते. आणि एकट्याने केलेली प्रतीक्षा सोबतीने केलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब भासते, असे त्यांचे म्हणणे होते. या शेवटच्या मुद्द्यावर मात्र एक पळवाट आहे. वेगळे बसावे लागते ते राइडमध्ये, रांगेत नव्हे. दोघे मित्र एकट्यांच्या रांगेत एकामागे एक उभे राहून गप्पा मारू शकतात आणि पुष्कळदा त्यांना एकाच किंवा लागोपाठच्या गाडीत जागा मिळते.

सशुल्क जलद मार्गांच्या पार्श्वभूमीवर या मोफत रांगेचे मोल अधिक स्पष्ट होते. डिस्नेने १९९९ साली ‘फास्टपास’ ही सोय अमेरिकेत आणली, ती विनामूल्य होती. करोनाकाळातील टाळेबंदीनंतर ती परतली नाही. २०२१ पासून तिची जागा शुल्क भरून घ्यायच्या योजनांनी घेतली. युनिव्हर्सलचा ‘एक्स्प्रेस’ पासही विकत घ्यावा लागतो आणि फ्लोरिडात गर्दीच्या दिवशी त्याची किंमत प्रवेशिकेइतकी किंवा तिच्याहूनही अधिक होते. दोन्ही व्यवस्थांत एक मूलभूत फरक आहे. सशुल्क मार्गाने आत येणारा प्रवासी मुख्य रांगेला मिळणाऱ्या आसनांतूनच आपला वाटा घेतो, म्हणजे त्याच्या वाचलेल्या वेळेची भरपाई पैसे न भरलेल्या माणसाला करावी लागते. एकट्यांच्या रांगेत अशी भरपाई कोणाच्याच माथी येत नाही. पार्कच्या उत्पन्नात तिच्यामुळे थेट भर पडत नाही, हेही खरे. त्यामुळे या सोयीची जाहिरात सशुल्क पासइतक्या उत्साहाने होत नसेल, तर त्यात नवल नाही.

लहान मुलांच्या बाबतीत नियम काटेकोर आहेत. अमेरिकेतील डिस्नेच्या पार्कमध्ये सात वर्षांखालील मुलाला राइडमध्ये एकटे बसता येत नाही, त्यामुळे त्याला या रांगेचाही लाभ घेता येत नाही. अनेक राइडवर किमान उंचीची अट असते. सोबत मोठी व्यक्ती नसेल, तर काही ठिकाणी ही अट आणखी कडक होते. तान्हे किंवा उंची न भरणारे मूल बरोबर असलेल्या पालकांसाठी वेगळी सोय असते. एक पालक राइड करून येईपर्यंत दुसरा मुलाजवळ थांबतो आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जातो. वयाची अट पूर्ण करणारे मूलही अनोळखी माणसाशेजारी अंधाऱ्या बोगद्यात बसायला तयार आहे का, हे मात्र घरातल्यांनीच ओळखायचे.

भारतीयांच्या पसंतीच्या युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’, ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या राइडवर ही सोय आहे. टोकियो डिस्नेसीमध्ये ‘इंडियाना जोन्स’ आणि ‘रेजिंग स्पिरिट्स’, पॅरिसच्या डिस्ने पार्कमध्ये ‘क्रशेस कोस्टर’ आणि ‘रॅटटूई’, तर जर्मनीतील युरोपा-पार्कमध्ये ‘सिल्व्हर स्टार’ या राइडसाठी ती ठेवण्यात आली आहे.

भारतातील मोठ्या पार्कनी वेळ वाचवण्यासाठी मुख्यतः सशुल्क मार्ग स्वीकारलेला दिसतो. वंडरला ‘फास्ट ट्रॅक’ तिकिटे विकते. खोपोलीजवळच्या इमॅजिकानेही ‘एक्स्प्रेस’ तिकिटे उपलब्ध करून दिली आहेत. आपल्याकडे पार्कमध्ये येणारा वर्ग मोठ्या गटांचा असतो : शाळांच्या सहली, महाविद्यालयीन मित्रमंडळी, तीन पिढ्यांची कुटुंबे. गट जितके वेगवेगळ्या आकारांचे, तितकी आसने सुटी उरण्याची शक्यता अधिक. पण गट सोडून एकट्याने बसण्याची सवय मात्र कमी. स्वतंत्र रांग नसली, तरी रांगेच्या तोंडाशी पोहोचताना ‘मी एकटा बसायला तयार आहे’ असे कर्मचाऱ्याला सांगून ठेवले, तर पुढच्या गटानंतर उरलेल्या आसनासाठी त्याची नजर प्रथम त्याच माणसाकडे वळते.