विमानाच्या पंखातील धातू-तंतू संमिश्रे

उड्डाणात पंखाच्या खालच्या आवरणावर ताण पडतो. हा ताण पुन:पुन्हा येत राहिल्याने ॲल्युमिनियमला थकवा येतो व त्यातील सूक्ष्म तडा वाढत जातो. यावर उपाय म्हणून नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे व अरामिड तंतूंचे थर चिकटवून ‘अरॉल’ हे संमिश्र विकसित झाले; १९८० च्या दशकात फोकर एफ-२७ च्या पंखासाठी त्याची चाचणीही झाली. धातूला तडा गेला तरी अखंड राहिलेले तंतू त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात, हे यातील मर्म होय. परंतु भार उलटसुलट होताना अरामिड तंतूच तुटू लागले. म्हणून काचतंतूंचे ‘ग्लेअर’ आले. कार्बनतंतू अधिक ताठ खरे, पण ओलाव्यात ते ॲल्युमिनियमचे क्षरण वाढवतात. ग्लेअरला एअरबस ए-३८० च्या धडात स्थान लाभले; पंखासाठी मात्र ॲल्युमिनियमहून कमी असलेला त्याचा ताठपणा अडचणीचा ठरतो.